ट्रायथलॉन, दीर्घ पल्ल्याची : आहार व जलसेवन

पोहणे, सायकल चालविणे व धावणे ह्या तीन प्रकारांनी क्रमाने व सलग पुरी करावयाची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत ही अंतरे अनुक्रमे सु. ३·८, १८० व ४२·२ किमी. असतात. ती प्रथम १९७८ मध्ये हवाई बेटांवर झाली. निम्म्या अंतराची ‘आयर्नमन ७०·३’ ही स्पर्धा भारतात प्रथम २०१९ मध्ये गोव्यात भरली. सातारा येथे २०१२ पासून यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने जाणारी अर्धमॅरेथॉन भरते. अशा सर्व शर्यतींत आहार व पाणी ह्यांचे महत्त्व सरावाइतकेच असते.

पूर्वतयारी : शरीरातील ग्लायकोजेनाचा साठा मर्यादित असतो (स्नायूंत सु. ३००–५०० ग्रॅ., यकृतात सु. १०० ग्रॅ.). जोरकस श्रमांत तो दीड-दोन तासांत बराचसा संपतो. मेदाचा साठा विपुल असला, तरी त्यातून ऊर्जा संथपणे मिळते. म्हणून शर्यतीपूर्वी ३६ ते ४८ तास शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज १०–१२ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे घेतात. ज्वारी-बाजरीची भाकरी व उसळ हा ह्या भागातील नेहमीचा आहार सरावाच्या काळात उत्तम होय. तथापि त्यातील तंतूंमुळे पोट जड होऊ नये, म्हणून शेवटच्या दिवशी भात, पोहे, बटाटा ह्यांवर भर देणे इष्ट ठरते.

शर्यतीतील आहार : पोहताना खाणे शक्य नसते व धावताना अन्न नीट पचत नाही; त्यामुळे सायकलीचा टप्पा हीच खाण्याची मुख्य वेळ होय. ताशी ३०–६० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे पुरेशी होतात. ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्यांचे आतड्यातील शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते. म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास अडीच-तीन तासांहून मोठ्या शर्यतीत हे प्रमाण ताशी ९० ग्रॅ.पर्यंत नेता येते. तासगाव भागातील बेदाण्यात ह्या दोन शर्करा जवळजवळ समप्रमाणात असतात. सु. ४० ग्रॅ. बेदाण्यातून ३० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे मिळतात, मात्र तो पाण्याबरोबर व चावून खावा लागतो.

जलसेवन : वजनाच्या सु. २ टक्क्यांहून अधिक पाणी गेल्यास, विशेषतः उष्ण हवेत, कार्यक्षमता घटू लागते. माण, खटाव, जत, आटपाडी ह्या कोरड्या तालुक्यांत घाम लगेच वाळतो व झीज लक्षात येत नाही; कासच्या पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर पुरेसे थंड होत नाही. तासाभराच्या सरावापूर्वी व नंतर वजन केल्यास घामाचे मान कळते. १ किग्रॅ. घट म्हणजे स्थूलमानाने १ लिटर पाणी. ह्या हिशेबात मध्ये प्यालेले पाणी मिळवावे.

धोका : अतिरिक्त पाणी पिणे हेही घातक असते. घामातून सोडियम जात असताना केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम १३५ मिलिमोल प्रतिलिटरच्या खाली उतरते. मळमळ, डोकेदुखी, बोटांना सूज, भ्रम व झटके ही त्याची लक्षणे असून मृत्यूही ओढवू शकतो. पुष्कळदा ही लक्षणे निर्जलीभवनाची समजून रुग्णास आणखी पाणी पाजले जाते. त्याने स्थिती बिघडते. शर्यतीअखेर वाढलेले वजन ही ह्या विकाराची ठळक खूण होय. अशा वेळी पाणी थांबवून रुग्णालयात नेणे आवश्यक असते. तहानेनुसार पिणे हा प्रतिबंधाचा सोपा उपाय मानला जातो. सरावात न अजमावलेले अन्न वा पेय शर्यतीच्या दिवशी टाळणे श्रेयस्कर.