रेझरचे म्यान

घरातील धारदार वस्तूंची मोजदाद करावयास बसले म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. घडीच्या विळीचे पाते काम संपताच पाटावर निजविता येते. शेतकऱ्याचा कोयता त्याच्या कमरेच्या आकडीत अडकविलेला असतो. आणि न्हाव्याच्या धोकटीतील वस्तरा तर स्वतःच्या मुठीतच शिरून बसतो; जी मूठ हातात धरावयाची तीच त्याचे म्यान. आता त्याच घराच्या न्हाणीत डोकावून पाहा. साबणाच्या वडीशेजारी, नाहीतर दात घासण्याच्या ब्रशांच्या पेल्यात, घरातील कर्त्या पुरुषाचे रेझर उघडेच पडलेले दिसेल. विळीहून कितीतरी तीक्ष्ण असे हे पाते, पण त्यास झाकण नाही, आणि ते नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आम्ही येथे बोलत आहोत ते डोके बदलता येणाऱ्या रेझरविषयी. दांडी तीच राहते. पुढचे पात्यांचे डोके बोथट झाले की काढून टाकावयाचे व नवे बसवावयाचे. दुकानदार ह्या डोक्यास कार्ट्रिज म्हणतो. बंदुकीच्या काडतुसासही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि ज्या घरात रांगते मूल आहे तेथे तो अगदीच अस्थानी नाही.

पात्याला आडोसा करण्याची कल्पना काही नवी नव्हे. झाँ-झाक पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात वस्तऱ्यावर लाकडी पट्टी चढवून धारेचा थोडासाच भाग बाहेर ठेवला; सुताराच्या रंध्यातून पाते डोकावते तसा. १८८० साली अमेरिकेत काम्फे बंधूंनी धारेपुढे कठडा असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. त्यानंतर किंग जिलेट आले. कागदासारखा पातळ पोलादी पत्रा धार धरील असा कडक करणे हे अवघड काम विल्यम निकर्सन ह्या अभियंत्याने त्यांस साधून दिले. १९०३ साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांची रेझरे खपली ५१ आणि पाती १६८! पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस ती दुधारी पाती चांगली आठवत असतील: कागदात गुंडाळलेली, डबीत रचलेली. अमेरिकेतील पुष्कळ जुन्या घरांतून न्हाणीच्या कपाटामागे एक बारीक फट असे. वापरलेले पाते त्या फटीतून भिंतीच्या पोकळीत सोडून द्यावयाचे, की झाले. आज ती घरे पाडताना भिंतीतून पात्यांचे ढीग बाहेर येतात. पुढच्या पिढीचा विचार न करण्याची ही एक तऱ्हाच म्हणावयाची.

१९७१ साली जिलेट कंपनीने ‘ट्रॅक टू’ नावाचे रेझर काढले. दोन पाती प्लॅस्टिकच्या चौकटीत कायमची बसविलेली, आणि चौकटच बदलावयाची. पात्याला हात लावण्याचे कारण उरले नाही, आणि आमच्या मते तेथेच झाकणाची आठवण गेली. नवी डोकी दुकानातून येतात ती आपापल्या खणांत नीट बसून येतात. परंतु एकदा का डोके दांडीला लागले, की त्यास घर नाही. गंमत अशी की एकदा वापरून फेकून देण्याच्या स्वस्त रेझरला बहुधा टोपण मिळते, आणि वर्षानुवर्षे जपून ठेवावयाच्या दांडीला मात्र पुष्कळदा मिळत नाही. ही काटकसर आम्हांस पटत नाही.

झाकण हवे कशाला, असे कोणी विचारील. प्रथम पात्यासाठीच हवे. ह्या धारेचे टोक मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही बारीक असते. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या विख्यात संस्थेतील संशोधकांनी २०२० साली असे दाखविले की पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असलेला केसदेखील ह्या धारेचे टवके उडवू शकतो. एका संशोधकाने स्वतःची दाढी करून प्रत्येक वेळी पाते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. धार सरसकट झिजलेली नव्हती. जागोजाग बारीक टवके गेले होते. केसाने जर हे होते, तर प्रवासाच्या पिशवीत नेलकटर, किल्ल्या आणि कंगवा ह्यांच्या संगतीत त्या धारेचे काय होत असेल? पाते ‘लवकर गेले’ म्हणून आपण कंपनीला दोष देतो. पण जे पाते पेल्याच्या कडेवर रोज आपटते, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

परंतु पाते नवे आणता येते. आमच्या पंचक्रोशीतील एका घरी तीन वर्षांच्या मुलाने बाबांसारखी दाढी करावयास घेतली आणि ओठापासून गालापर्यंत कापून घेतले. दवाखान्यात टाके पडले. आईने घरातील सुऱ्या, कात्र्या, औषधे सारे उंचावर ठेवले होते. रेझर कोणाच्या हिशेबातच नव्हते. दुसऱ्या घरी आजीबाईंनी मिणमिणत्या उजेडात साबण चाचपताना बोट कापून घेतले. त्यांस मधुमेह असल्यामुळे ती जखम भरावयास कितीतरी आठवडे लागले.

आणखी एक गोष्ट आहे, ती दिसत नाही म्हणून अधिक वाईट. एका घरातील बाप-लेक, नाहीतर कामासाठी शहरात एका खोलीत राहणारी चार मुले, एकच रेझर वापरतात. हिपॅटायटिस बी ह्या यकृताच्या रोगाचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि दाढी करताना निघणारे रक्त डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. झाकणाने विषाणू मरत नाही. तसा गैरसमज कोणी करून घेऊ नये. पण बापाचे झाकण तांबडे आणि मुलाचे निळे असले, तर सकाळच्या घाईत हात दुसऱ्याच्या रेझरकडे जात नाही. प्रत्येकाचे रेझर वेगळे हाच ह्यावर उपाय. रंगाने तो पाळणे सोपे होते, इतकेच.

आता मुख्य गोष्ट: हे झाकण करावे कसे? एक टोपण पुढे खुपसले की काम झाले असे वरवर वाटते. तसे नाही. ह्या लहानशा वस्तूत परस्परविरुद्ध मागण्या आहेत. धार झाकली पाहिजे, पण धारेला वारा लागला पाहिजे. पात्याच्या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम असले, तरी ते गंजतच नाही असे नव्हे. ओल, साबणाचे खरकटे आणि गोव्यासारखी खारट हवा एकत्र आली तर त्यासही डाग पडतात. बंद डबीत ओले रेझर कोंडून ठेवणे म्हणजे त्यास पाण्यात ठेवण्यासारखेच. म्हणून झाकणाला भोके हवीत, आणि ती योग्य जागी हवीत. रेझर उभे ठेवणार असाल तर पाणी एकीकडे उतरेल, टांगून ठेवणार असाल तर दुसरीकडे. पाणी जेथे जमा होईल तेथे वाट पाहिजे. (पेनाच्या टोपणालाही भोक असते ते कशासाठी, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लहान मुलाने टोपण गिळून ते घशात अडकलेच, तर त्यातून श्वास चालावा म्हणून! त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे.)

दुसरे म्हणजे झाकणाने पात्यास शिवू नये. डोक्यावर पात्यांच्या मागे एक बुळबुळीत पट्टी असते. १९८५ सालापासून ती रेझरांवर दिसू लागली. पाण्याने ती फुगते व चिकट होते. झाकण तिला टेकले तर वाळल्यावर डिंकासारखे धरून बसते, आणि ते ओढून काढताना हात निसटतो तो नेमका पात्यावर. म्हणून आत एखाद-दोन मिलिमीटरची पोकळी सोडावी लागते.

मग झाकणाने धरावे कोठे? येथे खरी परीक्षा आहे. डोक्याच्या दोन्ही टोकांची प्लॅस्टिकची चौकट हीच धरण्याची जागा. परंतु आजची बहुतेक डोकी दांडीवर मागेपुढे डुलतात. झाकण दांडीच्या मानेला धरून बसले, तर डोके आतल्या आत डुलून झाकणावर आपटते. ते डोक्याला धरून बसले, तर काढताना झाकणाबरोबर डोकेच उपटून हातात येण्याची भीती! म्हणून झाकणाची पकड ही डोक्याच्या दांडीवरील पकडीहून कमी पाहिजे, आणि डोके ज्या दिशेने सुटते त्या दिशेने झाकण ओढावे लागता कामा नये. अंगठा कोठे टेकेल हेही आधीच ठरवून तेथे खडबडीत जागा करावी, म्हणजे साबणाचा हात घसरला तरी तो धारेपासून दूर जाईल.

वस्तू कशाची करावी? पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक ह्या कामास उत्तम. ते पाणी पीत नाही, आणि त्याची पातळ घडी हजारो वेळा उघडमीट केली तरी तुटत नाही. शांपूच्या बाटलीचे झाकण पाहा. मात्र साच्यातून निघाल्यावर ते थंड होताना शेकडा एक-दोन टक्के आकसते. डोके सुमारे चार सेंटिमीटर रुंद धरले, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडला. झाकण घट्ट बसणार की खुळखुळणार हे तेवढ्यावरच ठरते. पोलादी साच्यास खर्चही फार येतो. गावच्या कारखान्याचे ते काम नव्हे. आमच्या ओळखीच्या एका सुताराने फणसाच्या लाकडाचे देखणे झाकण कोरले होते. ‘फादर, आता बघा, ह्याला कोण बोट लावतो ते!’ असे तो म्हणाला. ते पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात फुगले आणि निघेना. २०१६ सालापासून पुष्कळ शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत. तेथे थरावर थर रचून वस्तू घडविणारी यंत्रे आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी व्हर्नियरने माप घ्यावे, धुण्याच्या साबणातून नमुना कोरावा, मग यंत्रावर झाकण काढावे. चार-सहा प्रयत्नांत जमण्यासारखे आहे. झाले की त्याची परीक्षा घ्यावी: शहाबादी फरशीवर पाडून, ओल्या हाताने डोळे मिटून काढून, आणि रात्रभर ओले ठेवून सकाळी पाहून.

आणि ही परीक्षा ज्याला वस्तू वापरावयाची त्याच्या घरीच घ्यावी. जिलेट कंपनीने भारतासाठी २००२ साली एक रेझर काढले. अडकलेले केस ढकलून काढण्याची त्यात सोय होती. चाचणी केली ती अमेरिकेत, एम. आय. टी. मध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांस ते फार आवडले. भारतात आल्यावर मात्र ते तुंबू लागले. कारण अमेरिकेत नळाची धार होती, आणि येथे पुष्कळ लोक पेलाभर पाण्यात दाढी करीत होते! मग कंपनीची माणसे येथे आली व घरोघरी बसून त्यांनी पाहिले. जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, हातात आरसा धरून दाढी करणाऱ्याला गुळगुळीत गालापेक्षा न कापण्याची काळजी अधिक असते हे त्यांस उमगले. त्यातून २०१० साली एकाच पात्याचे ‘गार्ड’ हे रेझर निघाले. निघाले तेव्हा त्याची किंमत १५ रुपये होती आणि नव्या डोक्याची ५ रुपये. पात्यापुढे कातडी दाबणारा दातेरी कठडा होता, आणि दांडीच्या टोकाला एक भोक होते. खिळ्याला टांगता यावे म्हणून. आम्हांस त्या रेझरमधील सर्वांत शहाणी गोष्ट ते भोकच वाटते. मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर खिळा मारला, की निम्मे काम झाले.

ज्यांस आजच्या आज काही करावयाचे आहे त्यांनी चष्म्याचे जुने प्लॅस्टिकचे घर घ्यावे. तापविलेल्या सुईने दोन्ही बाजूंस पाच-सहा भोके पाडावीत. दांडी जेथे टेकते तेथे रबराची पट्टी बसवावी, म्हणजे डोके अधांतरी राहील. दाढी झाल्यावर रेझर पाण्यात खळखळावे, बेसिनच्या काठावर आपटू नये, पात्यावरून टॉवेल फिरवू नये. अर्धा तास खिळ्याला टांगून सुकू द्यावे आणि मग घरात घालावे. बोटीवर किंवा आखातात नोकरीस जाणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे. सामानात चाचपताना पहिला हात उघड्या पात्यावर पडू नये.

जुनी डोकी उकिरड्यावर टाकू नयेत. तेथे गाईगुरे तोंड घालतात, आणि कचरा वेचणाऱ्या बायका हातांनी तो उपसतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात ती साठवावीत. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करावा, वर ‘आत पाती आहेत’ असे मराठीत, आणि बेळगावकडे राहत असाल तर कन्नडमध्येही, मोठ्या अक्षरांत लिहावे आणि कचरा नेणाऱ्याच्या हाती तो वेगळा द्यावा.