माल आधी, पीओ मागून

रात्री नऊला फोन येतो. “उद्या फर्स्ट शिफ्टला दोनशे ब्रॅकेट जादा लागतील, पीओ मागून पाठवतो.” एवढ्या शब्दावर कारेगावचा छोटा व्हेंडर प्रेस चालू करतो. पहाटे टेम्पो रांजणगाव एमआयडीसीच्या गेटवर उभा असतो. ड्रायव्हरच्या हातात चलन असतं, पीओचा, म्हणजे परचेस ऑर्डरचा, नंबर मात्र अजून आलेला नसतो.

हे अडाणीपण नव्हे. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक स्ट्युअर्ट मॅकॉले यांनी विस्कॉन्सिनमधल्या उद्योजकांशी बोलून १९६३ मध्ये हेच मांडलं होतं. वाद झाला की ही मंडळी करारपत्र शोधत बसत नाहीत, थेट बोलून मिटवतात. पत्र्याचा भाव चढेल, डाय तुटेल, मॉडेल बंद पडेल. आधी लिहून लिहिणार तरी किती? ऑलिव्हर हार्ट यांना २०१६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशा अपुऱ्या राहणाऱ्या करारांच्या अभ्यासासाठी. कागद जिथे संपतो, तिथून पुढे माणसं पुढच्या ऑर्डरीकडे बघून नीट वागतात.

मोठ्यांचंही असंच असतं. रांजणगावच्या फियाट कारखान्यात टाटा मोटर्सची निम्मी भागीदारी. २००६ पासून फियाटच्या गाड्या टाटांच्या शोरूममधून विकल्या जात. २०१२ मध्ये विक्री वेगळी करायचं ठरलं, कारखाना मात्र एकत्रच राहिला. तिथलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन टाटांच्या इंडिका व्हिस्टातही बसत होतं. एकमेकांवाचून अडतं तिथलं नातं सहजी तुटत नाही.

मग कागद हवाच कशाला? लॉरा पॉपो आणि टॉड झेंगर यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं, की तपशीलवार करार आणि आपसातला विश्वास एकमेकांना पूरक ठरतात. छोट्या व्हेंडरला तर कागदाची गरज सगळ्यात जास्त, कारण पैसे अडले तर हातात पुरावा हवा. कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत. लेखी काही ठरलेलं नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ते मागितलं तर शेड्यूल कमी होईल, ही धास्ती. एकाच बाजूने सोसलेल्या उशिराला मी विश्वास म्हणणार नाही.

म्हणून व्हेंडरबंधूंनो, फोन ठेवताच नग, दर आणि तारीख एका ओळीत मेल करा. आणि खरेदी विभागातल्या साहेबांनी त्याच रात्री त्याखाली ‘ओके’ लिहावं. प्रेस त्यानंतर चालू होऊ दे.