गॅस गीझरचा बिघाड : काय दुरुस्त करावे आणि काय कदापि करू नये

दिवाळी सरली की यवतमाळ जिल्ह्यात पहाटेचा गारवा जाणवू लागतो आणि स्नानघरातील गॅस गीझरचे महत्त्व एकाएकी वाढते. सकाळचे दर्शन-पूजन, मुलांची शाळा, दुकान उघडण्याची वेळ हे सारे त्या लहानशा पेटीवर अवलंबून राहते. वीज गेली तरी क्षणात गरम पाणी देणारे हे यंत्र नेमके थंडीतच रुसते. त्याचे बरेचसे बिघाड घरच्या घरी ओळखता येतात. काही वेळा मात्र आपण ज्याला बिघाड समजतो, तो यंत्राने दिलेला इशारा असतो. हा भेद प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यायला हवा.

यंत्राचा क्रम

नळ उघडला की पाण्याच्या दाबाने गीझरमधील रबरी पडदा सरकतो व एक छोटी कळ दाबली जाते. दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडू लागते आणि गॅसची झडप उघडते. ज्योत पेटल्याची खूण तिच्याजवळच्या धातूच्या काडीला मिळाली तरच झडप उघडी राहते. अन्यथा ती काही सेकंदांत बंद होते. पाणी, सेल, गॅस, ज्योत असा हा क्रम आहे. बिघाडाचा शोधही याच क्रमाने घ्यावा.

घरी करता येण्याजोगी तपासणी

नळ सोडूनही ‘टिकटिक’ ऐकू येत नसेल, तर प्रथम सेल बदलावेत. तरीही यंत्र शांतच राहिले, तर पाण्याचा दाब कमी आहे असे समजावे. हा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. एकमजली घराच्या गच्चीवरच टाकी ठेवलेली असेल, तर शॉवरला तो जेमतेम मिळतो. याची सोपी परीक्षा अशी : गीझरमधून येणारे पाणी दहा लिटरच्या बादलीत सोडावे. ती भरायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर बहुतेक गीझर पेटत नाहीत. अशा वेळी पाणी जिथून आत शिरते तेथील बारीक जाळी काढून धुवावी. टँकरच्या पाण्यातील गाळ तिथेच अडकतो. शॉवरऐवजी खालचा नळ वापरून पाहावा. एवढ्याने भागले नाही, तर टाकी उंच करणे हाच उपाय उरतो.

टिकटिक होते पण ज्योत येत नाही, तेव्हा सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का, हे पाहावे. नवा सिलिंडर लावल्यावर नळीतील हवा निघून जाईपर्यंत दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. गॅसचा वास येत असेल तर मात्र पुन्हा पेटवू नये व विजेचे बटणही दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. जोडांची नेहमीची तपासणी साबणाच्या पाण्याने करावी, काडी पेटवून कधीही नाही.

पाणी कोमटच येत असेल, तर त्याची धार थोडी कमी करून पाहावी. वणी-राजूरचा परिसर चुनखडीचा आहे. अशा भागात विंधन विहिरीचे कठीण पाणी गीझरच्या तांब्याच्या नळीत क्षारांचा थर साचवते. तो थर जाणकाराकडून काढून घ्यावा.

पेटून विझणारा गीझर

ज्योत पेटते आणि लगेच विझते, याचे कारण कधी काजळी धरलेली काडी असते, तर कधी गॅसचा अपुरा दाब. परंतु स्नान चालू असता मध्येच गीझर बंद पडला, तर तो तत्काळ पुन्हा पेटवू नये. अनेक गीझर सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. काहींमध्ये हवेतील प्राणवायू घटताच ज्योत विझवणारी योजना असते. ‘सारखा बंद पडतो’ म्हणून एखादा कारागीर ही तार परस्पर जोडून देतो. तसे करू देणे म्हणजे राखणदाराला घालवून तिजोरी उघडी टाकणे होय.

यामागचे गणित साधे आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर १५ मिनिटांत सुमारे २०० ग्रॅम गॅस जाळतो. त्यासाठी अडीच घनमीटरांहून अधिक हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या स्नानघरात साडेपाच घनमीटरही हवा नसते. म्हणजे दार-खिडकी बंद असताना एका स्नानात जवळजवळ निम्म्या हवेतील प्राणवायू ज्योतीला लागतो. तो अपुरा पडू लागला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके जड होणे, मळमळ, पायांतील त्राण जाणे ही त्याची लक्षणे आहेत. पण कडी काढण्याचे भान येण्याआधीच माणूस कोसळू शकतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या या घरांची परदेशात जुनी परंपरा आहे. तेथे गॅसवरील गीझरचा ज्वलनकक्ष गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण वेगळा ठेवतात. तो बाहेरचीच हवा घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. जागा लहान, म्हणून नियम कडक. आपले स्नानघर तर त्या गाडीहूनही लहान असते.

म्हणून गीझर व सिलिंडर दोन्ही स्नानघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावेत आणि आत केवळ पाण्याची नळी न्यावी. छोटी खिडकी किंवा पंखा हा याला पर्याय नव्हे. गॅसची नळी दर पाच वर्षांनी बदलावी. ज्योत निळी आहे ना, हे अधूनमधून पाहावे.

कोणी आतून प्रतिसाद देत नसेल, तर दार तोडून त्या व्यक्तीस आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. कारण बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेतही प्राणवायूचा आकडा ठीक दाखवू शकते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण धर्मशाळांचे आणि अतिथिगृहांचे विश्वस्त आहेत. तेथे उतरणाऱ्या यात्रेकरूला आपल्या गीझरचा स्वभाव ठाऊक नसतो आणि तो दाराला आतून कडी लावूनच स्नानाला बसतो. थंडी वाढण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने आपली स्नानगृहे एकदा पाहावीत आणि आत असलेला प्रत्येक गॅस गीझर बाहेर काढावा. खर्च एका भिंतीला भोक पाडण्याचा व काही फूट नळीचा आहे. जीवरक्षेचे याहून स्वस्त काम क्वचितच सापडेल.