हरवलेले नगर : ओफीर की सोपारा?

बायबलमधील उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात निम्रोद राजाच्या राज्यातील चार नगरांची नावे आली आहेत. त्यांपैकी बाबेल म्हणजे बाबिलोन व एरक म्हणजे उरुक ही दोन नगरे उत्खननात सापडली. तिसरे अक्काद. इसवी सनापूर्वी सुमारे तेविसाव्या शतकात सार्गोन राजाने मेसोपोटेमियावर राज्य केले ते याच नगरीतून. अक्कादच्या धक्क्याला मेलुह्हाची जहाजे लागत, अशी नोंद त्याच्या लेखात आहे. मेलुह्हा म्हणजे सिंधू नदीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो धक्का आणि ती नगरी आजवर कोणालाही सापडलेली नाही. नाव उरले, नगर हरवले.

इतक्या दूरची गोष्ट सांगण्याचे कारण असे, की अशाच प्रकारचे एक कोडे आपल्या जवळच पडलेले आहे. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी वाहत गेलेली आपली उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या उत्तरेस सोपारा आहे. या सोपाऱ्याच्या कोड्यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो होतो.

बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकात इस्राएलच्या शलमोन राजाची हकीकत आहे. त्याने तांबड्या समुद्राकाठी एस्योन-गेबेर येथे जहाजे बांधली. हिराम राजाने त्यांवर आपले खलाशी दिले. ही जहाजे ओफीर नावाच्या ठिकाणी गेली आणि तेथून ४२० किक्कार सोने घेऊन आली. एक किक्कार सुमारे ३४ किलोंचा धरला, तर हे सोने चौदा टनांच्या घरात जाते! हे ओफीर कुठे होते? कोणी ते दक्षिण अरबस्तानात मानतात, कोणी पूर्व आफ्रिकेत, तर कोणी भारतात. भारतात मानणाऱ्यांपैकी काहींचे बोट थेट आपल्या सोपाऱ्याकडे वळते.

त्यांचे म्हणणे मोहात पाडणारे आहे. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचे नाव ‘सोफीर’ अशा रूपात येते. सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक किंवा सोपारक. ग्रीक लेखक त्याला ‘सुप्पारा’ म्हणत. शिवाय शलमोनाच्या जहाजांतून मोरही येत. मोरासाठी असलेला ‘तुक्की’ हा हिब्रू शब्द तमिळमधील ‘तोकै’ या शब्दाशी जुळतो. मग आणखी काय हवे? मी एका निबंधात ठोकून दिले, की शलमोनाचे सोने आमच्या सोपाऱ्यातून गेले. सरांनी समासात एकच शब्द लिहून निबंध परत केला : ‘पुरावा?’

तेव्हा राग आला, हे कबूल करतो. पण त्या एका शब्दाने मला ग्रंथालयात बसवले, आणि माझी एकेक वीट ढासळू लागली. मोरांचा उल्लेख आहे तो तीन वर्षांनी येणाऱ्या तार्शीशच्या जहाजांबाबत. त्या वाक्यात ओफीरचे नावच नाही. शलमोनाचा काळ इसवी सनापूर्वी दहावे शतक, तर सोपाऱ्याचा सर्वांत जुना निश्चित लेखी पुरावा अशोकाचा, म्हणजे तिसऱ्या शतकातला. मध्ये सातशे वर्षांची दरी! आणि सोने? ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तकात उलटेच दिसते : पश्चिमेकडची सोन्याचांदीची नाणी भडोचच्या बंदरात आयात होत. म्हणजे या किनाऱ्याकडे सोने येत होते. ओफीर ही निव्वळ कविकल्पना नव्हे, हेही खरे. तेल अवीवजवळ १९४६ साली सापडलेल्या एका खापरावर ‘ओफीरचे सोने’ असे शब्द आहेत. पण ओफीर कुठे, हे ते खापर सांगत नाही.

मात्र याच शोधात खरे सोपारा मला प्रथम भेटले. महाभारताच्या वनपर्वात पांडव शूर्पारकास येतात. ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात शूर्पारकच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. दासीच्या पोटी जन्मलेला हा मुलगा समुद्रव्यापारात धनवान होतो आणि शेवटी सर्व सोडून भिक्षू होतो. त्याची कथा अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेली आहे. पण ग्रंथ म्हणतात तेवढ्यावर थांबण्याची इथे गरज नाही. इथे दगड बोलतात. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने शूर्पारक येथे यात्रेकरूंसाठी निवारा बांधल्याचे कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपारकहून आलेल्या एका भाणकाने दिलेला खांब उभा आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले. तो निघाला विटांचा स्तूप. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा! सोन्याच्या त्या इवल्याशा करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून भाविकांनी ते जपले असावेत. ज्यांनी सोने खापराचे वेष्टन म्हणून वापरले, त्यांना शलमोनाच्या सोन्याचा मोठेपणा कशाला हवा? हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा तुकडा सापडला. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण खरे मंगल सदाचरणात आहे, असे तो नववा लेख सांगतो.

हे वाचल्यावर राहवेना. एका रविवारी बदलापूरहून लोकल पकडली, दादरला पूल ओलांडला आणि विरार गाडीने नालासोपाऱ्याला उतरलो. पश्चिमेस रिक्षाने थोडे गेल्यावर झाडांच्या सावलीत तो विटांचा ढिगारा दिसला. चहूकडे इमारती दाटलेल्या. जहाजे आणणारी खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. नगर कोणी लुटून नेले नाही. गाळ साचत गेला आणि माणसे विसरत गेली.

परतताना गाडी कल्याणला थांबली, तेव्हा चटकन आठवले : पेरिप्लसमध्ये सुप्पाराच्या शेजारी दुसरे नाव ‘कल्लिएना’चे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरली आहेत. ते प्राचीन कल्याण आजच्या घरादारांखाली गाडलेले आहे. आपण रोज तिथे गाडी बदलतो, पण त्या नगरीची आठवण कोणाला होते? अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा लेख आहे. त्या लेखात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आले आहे. उल्हासनगरची गोष्ट तर याहून जवळची. सार्गोन ज्यांच्या जहाजांचा अभिमान बाळगत होता, त्याच सिंधू नदीच्या प्रदेशातून १९४७ नंतर माणसे इथल्या लष्करी छावणीत आली. त्यांची गावे तिकडे राहिली, नावे तेवढी बरोबर आली. नाव उराशी धरणे म्हणजे काय, हे त्या वृद्धांना विचारावे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. नाव जुळले की इतिहास जुळला, असे आपण मानू नये, आणि सापडले नाही म्हणून काही नव्हतेच, असेही म्हणू नये. आपल्या तिन्ही गावांत रोज नव्या इमारतींचे पाये खणले जात आहेत. मातीत एखादे जुने खापर वा कोरीव दगड दिसला, तर तो फेकण्याआधी कुठे, किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवावे आणि इतिहास विभागात दाखवावा. सरांच्या त्या एका शब्दाचे उत्तर कदाचित तिथेच असेल.