दोन अर्धांचा टोप

रत्नागिरीत शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी टोप आणि ढाली करून देणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडून मी सध्या चौथ्या शतकातल्या रोमन धाटणीचं शिरस्त्राण करवून घेतोय. १८ गेजचा पत्रा, खळगा कोरलेला फणसाचा ओंडका आणि गोल तोंडाचा हातोडा. घाव कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत मध्यावर येतात. कडेला चुण्या पडतात. त्या लगेच बसवल्या नाहीत तर घडीवर पत्रा चिरतो. ठोकून ठोकून पत्रा ताठरला की घावाचा आवाज टणक होतो. मग भट्टीत लाल करायचा, निवू द्यायचा आणि पुन्हा ठोकायचा.

“अख्खा टोप एका पत्र्यातून उठवायचा, आणि शेवटी चिरला तर सगळंच फुकट,” मामा म्हणाले. “अर्धं-अर्धं केलं तर बिघडेल तेवढंच टाकायचं.”

इसवी सन ३००च्या सुमारास रोमन साम्राज्यालाही हाच हिशेब पटला असावा. त्याआधी टोपाची वाटी मानेवरच्या पाखीसकट एकाच पत्र्यातून घडवत. सरकारी शस्त्रशाळा आल्या, तेव्हा दोन अर्ध्या वाट्या आणि मधोमध रिव्हेट मारलेली कण्यासारखी पट्टी, अशी रीत रुळली. ती इराणकडून आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिरियातल्या दुरा-युरोपोसच्या वेढ्यात, २५६च्या सुमारास, भुयारात मेलेल्या इराणच्या सासानी सैनिकाजवळ असाच टोप मिळाला, कड्यांच्या जाळीसकट.

याला कारागिरीची घसरण म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. जोड लपवायचा, तिथे तो दिमाखात लपवलेला आहे: नेदरलँड्समध्ये डर्नला सापडलेला टोप मुलामा दिलेल्या चांदीने मढवलेला होता. पुढे तर तुकडे आणखी लहान झाले. १९८२मध्ये इंग्लंडात यॉर्कला सापडलेल्या आठव्या शतकातल्या टोपात आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा आणि मधे बसवलेले चार पत्रे आहेत. पुढे नाकपट्टी, मागे मानेवर कड्यांची झालर. मराठेशाहीतल्या टोपांनाही झालर आणि नाकपट्टी असते. फक्त त्यांची नाकपट्टी वरखाली सरकते.

आमच्या खाऱ्या हवेत पट्टीखालच्या फटीत गंज आधी धरतो, म्हणून मामा जोडण्याआधी दोन्ही बाजूंना तेल चोळतात. आता काठावर बारीक भोकांची रांग पाडायची आहे, कारण या धाटणीच्या बऱ्याच रोमन टोपांच्या गालपट्ट्या बिजागरीवर नसत, आतल्या अस्तराला शिवलेल्या असाव्यात.