तिरपे ऊन आणि कातळावरची रेघ

रत्नागिरीला येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा संध्याकाळी भाट्याच्या वाळूत, थिबा पॉइंटवर किंवा रत्नदुर्गावर उभा राहून मावळत्या सूर्याचे छायाचित्र काढतो. ही छायाचित्रे बहुधा सारखीच येतात. मधोमध एक पांढुरका ठिपका, भोवती नारिंगी पट्टा आणि खाली काळोख. सूर्यबिंब सुंदर असते यात शंका नाही. परंतु त्या वेळी खरे पाहण्यासारखे घडत असते ते छायाचित्रकाराच्या पाठीमागे, जमिनीवर.

सूर्य क्षितिजाजवळ आला की दोन गोष्टी बदलतात, प्रकाशाचा रंग आणि त्याचा कोन. रंगाविषयी पाठ्यपुस्तकात असते, म्हणून थोडक्यात पाहू. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतात. लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरला जातो. डोक्यावरच्या सूर्याच्या किरणांना हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो तो १ मानला, तर सूर्य ३० अंशांवर असताना तो २ होतो, १० अंशांवर सुमारे साडेपाच आणि क्षितिजावर सुमारे ३८. एवढ्या प्रवासात निळा प्रकाश वाटेतच गळतो व लाल-पिवळा उरतो. पाऊस सरल्यानंतरच्या स्वच्छ हवेत हे रंग उजळ दिसतात. मे महिन्यात समुद्रावरची हवा खारट, दमट धुरकटपणाने भरलेली असली की बिंब क्षितिजाला टेकण्यापूर्वीच फिकट होऊन विरते.

इंग्रजी पुस्तकांत छायाचित्रणासाठी 'सोनेरी तास' सांगितलेला असतो. तो आपल्याकडे तासभर टिकत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, पण सूर्य क्षितिजाकडे किती तिरका उतरतो हे अक्षांशावर अवलंबून असते. रत्नागिरी १७ अंश उत्तरेस आहे. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी येथे सूर्य तासाला सुमारे १४.३ अंशांनी खाली येतो, लंडनला मात्र सुमारे ९.३ अंशांनी. म्हणजे १० अंशांवरून क्षितिजापर्यंत येण्यास लंडनला तासाहून अधिक वेळ लागतो, तर आपल्याकडे जेमतेम ४० ते ४५ मिनिटे. बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटे पुरतात. पुस्तक वाचून सावकाश तयारी करणाऱ्याची कोकणात फजिती होते ती यामुळे.

सूर्यास्ताची वेळही ध्यानात ठेवावी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ अंशांवर, त्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे ३७ मिनिटे चालतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास, अर्थात ढगांनी दिसू दिला तर!

आता समुद्रावरची सकाळ. सहलीच्या मुलांना पहाटे उठवून सूर्योदयासाठी पुळणीवर नेणे हा आपल्याकडील एक नेहमीचा घोटाळा आहे. आपला समुद्र पश्चिमेस, आणि किनाऱ्याच्या पाठीशी बहुतेक ठिकाणी जांभ्याच्या सड्याची कड. ही कड ५० मीटर उंच आहे व आपण तिच्यापासून २०० मीटरवर उभे आहोत असे धरा. गणित करून पाहिल्यास सूर्य १४ अंश वर येईपर्यंत आपल्यावर ऊन पडणार नाही, म्हणजे सूर्योदयानंतर जवळजवळ तासभर. तोवर वाळूवर येतो तो आकाशाने विखुरलेला निळसर प्रकाश. त्यातही छायाचित्रे छान येतात, पण ती निराळी. सूर्योदय पाहायचा तो सड्यावर चढून.

संध्याकाळी किनाऱ्यावर ओहोटी असेल तर उत्तम, कारण ओली वाळू आरशासारखी आकाश दाखवते. मोबाइलचा कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी उजेडी धरून चालतो, म्हणून पडद्यावर सूर्याच्या बाजूच्या आकाशावर बोट ठेवून उजेड ठरवावा. मग रंग टिकतात आणि सुरूची झाडे काळ्या छायाकृती होतात. कॅमेरा आपण होऊन लालसर उजेड पांढरा करू पाहतो, तेव्हा 'व्हाइट बॅलन्स' सूर्यप्रकाशावर कायम ठेवावा. दुर्बिणीतून किंवा भिंगाच्या दर्शकातून सूर्याकडे मुलांना पाहू देऊ नये, बिंब कितीही मवाळ दिसले तरी.

पण तिरप्या उन्हाची खरी कामगिरी पाहायची तर कातळशिल्पांकडे जावे. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागांतील सड्यांवर प्राचीन माणसाने जांभ्यात माणसे, प्राणी, मासे आणि अनाकलनीय चौकटी कोरल्या आहेत. सुधीर रिसबूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशी शेकडो शिल्पे नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील नऊ स्थळे समाविष्ट झाली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही त्यांपैकी काही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तरी भर दुपारी तेथे जाणारा कित्येकदा हत्तीच्या पाठीवर उभा राहून 'हत्ती कुठे आहे?' असे विचारतो.

त्याचे कारण सोपे आहे. समजा एखादी खाच ६ सेंटिमीटर रुंद आहे आणि पावसापाण्याने झिजून तिची खोली १ सेंटिमीटर उरली आहे. सूर्य ६० अंशांवर असताना तिच्या कडेची सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर पडते. करड्या-तांबड्या, खडबडीत दगडावर ती दिसणार कशी? सूर्य ३० अंशांवर आला तरी सावली पावणेदोन सेंटिमीटरच. खाचेचा तळ संपूर्ण काळा होण्यास सूर्य साडेनऊ अंशांच्या खाली यावा लागतो. त्या क्षणी रेघ उमटते. मात्र सूर्य दोन-तीन अंशांवर आला की जांभ्याचे प्रत्येक छिद्र आणि गवताची प्रत्येक काडी सावली टाकू लागते आणि त्या गर्दीत रेघ पुन्हा हरवते. म्हणजे हाती राहतो तो अर्धा तास.

दिशेचाही प्रश्न आहे. उन्हाच्या दिशेने धावणाऱ्या खाचेत सावली पडतच नाही. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेस मावळतो, तेव्हा दक्षिणोत्तर रेघा ठळक होतात व पूर्व-पश्चिम रेघा पुसल्यासारख्या होतात. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेस मावळतो, तेव्हा याच रेघांना थोडी सावली मिळते. सड्यावरचे गवतही तोवर वाळलेले असते. एकाच शिल्पाची सकाळची व संध्याकाळची छायाचित्रे शेजारी ठेवली की एकात न दिसलेला पाय दुसऱ्यात सापडतो.

हे वर्गात दाखवता येते. परातीत ओली शाडूची माती थापून बोटाने उथळ हत्ती काढावा. खोलीत अंधार करून बॅटरी आधी वरून, मग परातीच्या काठाच्या पातळीवरून धरावी आणि परात हळूहळू फिरवावी. कोणत्या रेघा केव्हा नाहीशा होतात ते मुलांनी वहीत काढावे. याच प्रयोगाचे छायाचित्र उलटे धरल्यास आणखी एक गंमत दिसते. खाचा उठावासारख्या भासतात. उजेड वरूनच येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. म्हणून शिल्पाच्या छायाचित्रावर उत्तर दिशा आणि उन्हाची दिशा बाणाने दाखवणे जरूर असते.

शिल्पे नीट दिसावीत म्हणून काही हौशी मंडळी खडूने किंवा चुन्याने रेघा भरतात. खडूची रेघ ही भरणाऱ्याचा समज असतो, मूळ खाच नव्हे. दगडही त्याने खराब होतो. चिरेखाणी आणि रस्ते यांमुळे कित्येक सडे झपाट्याने बदलत आहेत, आणि अशा ठिकाणी चांगले छायाचित्र हीच पुढे एकमेव नोंद ठरू शकते. त्यासाठी चपला बाहेर काढाव्यात, शिल्पावर पाय देऊ नये, कडेला मोजपट्टी ठेवावी आणि तारीख, वेळ, गाव लिहावे. सूर्य बुडाल्यावर सुमारे वीस मिनिटे संधिप्रकाश असतो. पूर्ण अंधार झाला की बॅटरी जमिनीलगत, हव्या त्या दिशेने धरता येते, आणि सूर्याने जी पूर्व-पश्चिम रेघ दाखवली नाही ती दक्षिणेकडून बॅटरी धरताच दिसते.