सवलत विद्यार्थ्याला की वयाला?

पनवेलच्या कॉलेजांतल्या मुलांना ‘कन्सेशन’ म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्म घ्यायचा, सही-शिक्का मिळवायचा, आणि लोकलचा महिन्याचा किंवा तिमाही पास स्वस्तात काढायचा. एसटीच्या मासिक पासावरही विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे. दोन्हीकडे सवलत मिळते ती शिकत असल्याबद्दल, आणि तसा दाखला कॉलेज देतं. ऑनलाइन खरेदीच्या मेंबरशिपकडेही मुलं याच सवयीने बघतात: आयकार्ड दाखवलं की निम्म्यात काम. इथूनच गैरसमज सुरू होतात, आणि त्यापायी जातात ते बहुतेकदा आईवडिलांचे पैसे.

पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे अ‍ॅमेझॉन प्राइम भारतात ‘स्टुडंट डिस्काउंट’ देतं. भारतात आहे ती ‘यूथ ऑफर’, आणि तिची अट वयाची आहे: १८ ते २४. कॉलेजचं नाव, बोनाफाइड, हॉल तिकीट यांपैकी कशाचाही तिथे संबंध नाही. जन्मतारीख सिद्ध करणारं ओळखपत्र आणि सेल्फी द्यावी लागते.

या एका फरकाने कोण आत आणि कोण बाहेर, हे पार बदलून जातं. खांदा कॉलनीतल्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयात अकरावी-बारावीला असलेली मुलं-मुली पक्के विद्यार्थी. पण वय सोळा-सतरा, म्हणून ऑफर नाही. कामोठ्याच्या एमजीएममध्ये एमडी करणारी सव्वीस वर्षांची डॉक्टर रात्रंदिवस शिकतेय, तरी नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला पंचविशीतला मुलगा, ज्याला पै-पैचा हिशोब ठेवावा लागतो, तोही नाही. उलट कॉलेज कधीच सोडून तळोजा एमआयडीसीत कामाला लागलेला बावीस वर्षांचा तरुण पूर्ण पात्र आहे. दारात पार्सल घेऊन येणारा डिलिव्हरीवालासुद्धा वयात बसत असेल तर त्याचा या ऑफरवर तेवढाच हक्क आहे. तो ती घेत नाही, कारण ‘ही कॉलेजच्या पोरांसाठी’ असं त्याला वाटतं. मला या गैरसमजाची हीच बाजू सर्वांत जास्त खटकते.

‘स्टुडंट’ हा शब्द आला अमेरिकेतून. तिथे २०१० साली अ‍ॅमेझॉनने विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना काढली. कॉलेजच्या ईमेलवरून नोंदणी, सहा महिने फुकट आणि पुढे निम्मी किंमत. तिकडच्या विद्यार्थ्यांनी केलेले व्हिडिओ इकडे बघितले जातात आणि मग मुलं ‘ईडीयू’ने संपणारा ईमेल शोधत सुटतात. असे पत्ते विकणारेही भेटतात. ते पैसे पाण्यात, कारण भारतातल्या ऑफरला कॉलेजचा ईमेल लागतच नाही. शिवाय परक्याने तयार केलेल्या खात्याची चावी त्या परक्याकडेच राहते. आता तर अमेरिकेतही १८ ते २४ या वयोगटासाठी, शिकत असा वा नसा, सवलत सुरू झाली आहे.

‘अर्ध्या किमतीत मिळतं’ हेही अर्धंच खरं. २०१६च्या जुलैत प्राइम भारतात आलं तेव्हा वर्षाला ४९९ रुपये होते. नंतर ९९९ झाले, आणि डिसेंबर २०२१ पासून १,४९९. यूथ ऑफर कॅशबॅकच्या रूपाने चालवली गेली आहे: आधी पूर्ण रक्कम भरायची, मग वयाची पडताळणी, आणि त्यानंतर निम्मे पैसे परत. ते बँकेत येत नाहीत, अ‍ॅमेझॉन पेच्या शिलकीत येतात. म्हणजे ते पुन्हा तिथेच वापरायचे. हॉस्टेलच्या मेसचं बिल त्यातून भागत नाही. पैसे भरून पडताळणी राहून गेली, तर सवलतही राहून जाते. अटी आणि आकडे कंपनी बदलत असते, तेव्हा पैसे भरण्याआधी ऑफरचं पान त्या दिवशी पुन्हा वाचावं.

आता खरा प्रश्न: निम्म्या किमतीत तरी ही मेंबरशिप परवडते का? इथे भावनेपेक्षा वही-पेन बरं. प्राइम नसताना छोट्या ऑर्डरला डिलिव्हरीचे ४० रुपये पडतात असं धरा. निव्वळ खर्च ७५० रुपये, तर तो वसूल व्हायला वर्षात १९ छोट्या ऑर्डर हव्यात. पूर्ण १,४९९ भरणाऱ्याला ३८. आणि ऑर्डर मोठी असली की डिलिव्हरी अनेकदा तशीही फुकटच असते, म्हणून मोठी खरेदी या हिशोबात धरायचीच नाही. महिन्याला एखादी वस्तू मागवणाऱ्या मुलाने केवळ डिलिव्हरीसाठी प्राइम घेणं तोट्याचं आहे, सवलत असली तरी. अ‍ॅमेझॉनचीच ३९९ रुपयांची ‘शॉपिंग एडिशन’ही आलेली आहे. तिच्यात व्हिडिओ नाहीत, फक्त डिलिव्हरीचे फायदे आहेत, आणि चाळिसाच्या हिशोबाने ती १० ऑर्डरमध्ये वसूल होते. थोडक्यात, सर्वांत स्वस्त मार्ग ‘यूथ’ असं लिहिलेलाच असतो असं नाही. फ्लिपकार्ट प्लस तर १५ ऑगस्ट २०१८ला सुरू झालं तेच बिनपैशाचं. तिथे वयही विचारलं नाही आणि कॉलेजही.

सिनेमे आणि मालिका बघण्यासाठी घेत असाल तर हिशोब वेगळा. पण तिथेही दोन गोष्टी माहीत हव्यात. जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती लागतात. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. सवलतीतून वाचलेले जवळजवळ सगळे तिथे जातात. आणि ‘एकाने घ्या, अख्ख्या रूमने वापरा’ हेही आता पूर्वीसारखं चालत नाही. जानेवारी २०२५ पासून एका खात्यावर पाच उपकरणं, त्यांत टीव्ही जास्तीत जास्त दोन, अशी मर्यादा आहे. रूम-पार्टनरला पासवर्ड दिला की त्या खात्यावरचा पत्ता, ऑर्डरींची यादी आणि अ‍ॅमेझॉन पेच्या शिलकीतले पैसेही त्याच्यासमोर उघडे पडतात, हे विसरू नये.

‘एक दिवसात डिलिव्हरी’ हे आश्वासन सगळ्या पनवेलला सारखं लागू होतं, हा आणखी एक समज. ते वस्तूवर आणि पिनकोडवर ठरतं. नवीन पनवेलच्या ४१०२०६ला जे मिळतं, तेच तालुक्यातल्या वावंजे किंवा शिरढोणच्या मुलाला मिळेलच असं नाही. मेंबरशिप घेण्याआधी नेहमी लागणाऱ्या चार-पाच वस्तू आपल्या पिनकोडवर टाकून तारीख बघावी. फुकट होतं हे काम.

लोकलचा पास मुदत संपली की संपतो. मेंबरशिप तशी संपत नाही, ती स्वतःहून पुढे चालू राहते, आणि वर्षाने कापली जाते ती पूर्ण रक्कम. तोवर वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाली असतील तर निम्मे परत येण्याचा प्रश्नच नाही. ‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत’ या भरवशावर अनेक जण असतात, पण तो भरवसा चुकीचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पहिल्यांदा मंजुरी देताना ओटीपी लागतो. त्यानंतर, पुढे वाढवलेल्या मर्यादेप्रमाणे, १५,००० रुपयांपर्यंतची ठरावीक वसुली ओटीपीशिवाय होऊ शकते. बँकेने किमान २४ तास आधी सूचना पाठवायची असते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. नको असेल तर मेंबरशिप अ‍ॅपमधून बंद करा, आणि यूपीआयने भरली असेल तर ‘ऑटोपे’च्या यादीतली मंजुरीही काढून टाका.

रद्द करण्याचं बटण सापडत नाही, ही तक्रार फक्त तुमची नाही. अमेरिकेत याच मुद्द्यावर, म्हणजे ग्राहकांना नकळत प्राइममध्ये ओढणं आणि बाहेर पडणं अवघड करणं या आरोपांवर, फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला होता. सप्टेंबर २०२५मध्ये तो २५० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. आपल्याकडे केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार बंद केले आहेत. मेंबरशिपच्या सापळ्यात अडकवणं आणि न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं हे त्यांपैकी दोन.

खरी विद्यार्थी सवलतही आहे, पण ती खरेदीच्या दुकानांपेक्षा इतरत्र जास्त. स्पॉटिफाय आणि यूट्यूब प्रीमियम यांचे विद्यार्थी दर भारतात चालतात आणि तिथे मात्र कॉलेजात असल्याचा पुरावा लागतो, तोही ठरावीक काळाने पुन्हा. इंजिनीअरिंगच्या मुलांनी गिटहबचा विद्यार्थ्यांसाठीचा मोफत संच आधी बघावा. त्याचा उपयोग अभ्यासाला होतो.

अशा कुठल्याही ऑफरसाठी ओळखपत्र देताना ते कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमध्येच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या ‘स्टुडंट ऑफर’च्या लिंकवर पॅन आणि सेल्फी एकत्र देणं म्हणजे आपली ओळखच परक्याच्या हाती देणं. तसं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मेंबरशिपच्या पैशांची तक्रार कंपनीने ऐकली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानेही भागलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. पनवेलकरांसाठी तो अलिबागला आहे. तक्रार ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिची फी शून्य आहे.